दोन शिक्के आणि एक पिवळा पडदा

प्रश्न असा आला आहे: "एका ऐतिहासिक नाटकाच्या नेपथ्यात मी साहाय्यक आहे. आमचे दिग्दर्शक म्हणाले, दरबार कसा दाखवायचा हे शिकायचं असेल तर ली हान-श्यांगचा 1983 चा ‘पडद्याआडून राज्यकारभार’ बघ. बघितला. भव्य आहे, पण अर्धा वेळ माणसं कागदांवरून भांडतात. आणि त्या राणीचे हातपाय तोडून तिला रांजणात घालतात तो प्रसंग पाहून दोन दिवस जेवण गेलं नाही. यातलं खरं किती? आणि आम्ही यातून घ्यायचं काय?"

आधी रांजणाचं सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला जेवण जाईल. तसं काही घडलेलं नाही. ती राणी त्यानंतर जवळजवळ 30 वर्षं राजवाड्यात मानाने जगली. हे कुठून आलं ते पुढे सांगते.

कागदांवरच्या ज्या भांडणाचा तुम्हाला कंटाळा आला, ते मात्र अस्सल आहे. नेपथ्यवाल्याने दहादा बघावं असं. मी गेली 28 वर्षं नाटक, मालिका आणि चित्रपटांचं नेपथ्य करते आहे, आणि त्यातली निम्मी दरबार उभे करण्यात गेली. सिंहासन, झुंबरं, लोड-तक्के, मागे मोर्चेलवाले, बाजूला भालदार-चोपदार, एवढं उभं केलं की निर्माता खूश. पण दरबार ही मुळात कचेरी असते. तिथे अर्ज येतात, अडवले जातात, फिरवले जातात, त्यांवर शेरा पडतो, शिक्का बसतो, नाहीतर बसत नाही. ली हान-श्यांगला हे पक्कं ठाऊक होतं.

मूळ नाव ‘छुइल्यान थिंगचंग’. शब्दाला शब्द लावला तर ‘पडदा सोडून कारभार ऐकणे’. ऐकणे, करणे नव्हे. ही चिनी दरबारी भाषेची खुबी. हा जोडीतला दुसरा चित्रपट. त्याच वर्षीच्या पहिल्या भागात इंग्रज आणि फ्रेंच फौजा 1860 साली पेकिंगवर (आजचं बीजिंग) चालून येतात आणि युआनमिंगयुआन हा बादशाही उद्यानमहाल लुटून जाळतात. तो आधी बघा, नाहीतर दुसऱ्या भागातली माणसं डोंगरातल्या एका वाड्यात का कुढत बसली आहेत ते कळत नाही. बादशहा श्यानफंग फौजा येण्याआधीच राजधानी सोडून चेंगदेला, उत्तरेच्या डोंगरातल्या आपल्या उन्हाळी वाड्यात, गेला होता. सरकारी भाषेत शिकारीला. खऱ्या भाषेत पळून.

(या लढाईला दुसरं अफूयुद्ध म्हणतात, आणि आपण मुंबईकरांनी इथे जरा मान खाली घालायला हरकत नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जात होती. मी ज्या जे. जे. मध्ये चित्रकला शिकले ती संस्था सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून 1857 साली सुरू झाली, आणि त्यांच्या संपत्तीत चीनशी झालेल्या अफूव्यापाराचा मोठा वाटा होता. हे मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.)

22 ऑगस्ट 1861 ला श्यानफंग चेंगदेलाच वारला. वय 30. वारस एकच मुलगा, पाच वर्षांचा. मुलाची आई 25 वर्षांची, पट्टराणी नव्हे, पण पट्टराणीच्या खालोखाल मान असलेली. तिलाच आपण पुढे त्सशी या नावाने ओळखतो. पट्टराणी त्सआन, वय 24, निपुत्रिक. मरताना बादशहाने मुलासाठी आठ कारभारी नेमले. त्यांत कर्तासवरता सूशुन. हुशार, कडक आणि तोंडाने फटकळ. म्हणजे एका बाजूला दोन तरुण विधवा आणि एक पोर, दुसऱ्या बाजूला आठ मुरलेले पुरुष. निकाल उघड दिसतो. फक्त दोन छोटे शिक्के आड आले.

एका शिक्क्यावर ‘यूशांग’, म्हणजे बादशहाची बक्षिसी, अशी अक्षरं. तो पट्टराणीकडे. दुसऱ्यावर ‘थुंगदाओथांग’, हे एका दालनाचं नाव. तो मुलाकडे, म्हणजे व्यवहारात मुलाच्या आईकडे. हुकुमाचा मसुदा आठ कारभाऱ्यांनी करायचा. पण मजकुराच्या सुरुवातीला पहिला शिक्का आणि शेवटी दुसरा उमटला नाही तर तो हुकूम नाही, नुसता कागद. दोन्ही शिक्के आजही पेकिंगच्या राजवाड्याच्या संग्रहालयात आहेत आणि दोन्हींचे ठसे असलेले कागदही आहेत.

हे वाचताना तुमच्या लक्षात आलंच असेल. आपल्याकडे याला शब्द आहे आणि तो आपण रोज वापरतो: शिक्कामोर्तब. शिवकाळातलं पत्र डोळ्यांपुढे आणा. मजकुराच्या डोक्यावर शिक्का, आणि मजकूर संपला तिथे ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तबाची मुद्रा, म्हणजे खाली कुणी चार ओळी घुसडू नयेत. दोन टोकांना दोन कुलपं. चीनमध्ये तीच युक्ती केली, फक्त कुलपांच्या किल्ल्या दोन वेगळ्या बायकांच्या हाती दिल्या. मेलेल्या बादशहाचं हे सर्वांत शहाणं काम असावं.

आता यात नेपथ्याचा भाग. शिक्का ही हातात मावणारी वस्तू. सात-आठशे आसनांच्या नाट्यगृहात पाचव्या रांगेपलीकडे दिसत नाही. मग तो दाखवायचा कसा? ठेवण्याच्या जागेने. कुठल्या पेटीत, पेटीला कुलूप कसं, ती कोण उचलतं, उचलताना दोन हात लावतं की एक, शाईची डबी कोण उघडतं. शिक्का दिसला नाही तरी त्याभोवतीची पाच माणसं दिसतात, आणि वजन त्यांच्या वागण्यातून येतं. सिनेमाला कॅमेरा जवळ नेता येतो ही चैन आहे, पण जवळ नेला की चुकाही जवळून दिसतात. माझ्या उमेदवारीत एका मालिकेसाठी मी लाकडी शिक्का कोरून घेतला. कारागिराला अक्षरं सुंदर मोडीवळणात लिहून दिली, त्याने जशीच्या तशी कोरली. सेटवर नटाने रुबाबात शिक्का उठवला, आणि कागदावर सगळी अक्षरं उलटी! आरशात बघावीत तशी. दिग्दर्शक माझ्याकडे बघत राहिले. दुसरा शिक्का करायला वेळ नव्हता. शेवटी शिक्का आपटल्याचा आवाज घेतला आणि कॅमेरा नटाच्या तोंडावर ठेवला. प्रसंग बरा झाला, माझी अब्रू गेली.

पुढचं कागदांचं भांडण आता परत बघा. तुंग युआनछुन नावाच्या एका अधिकाऱ्याचा अर्ज राजधानीहून येतो: बादशहा लहान आहे, तेव्हा दोन्ही राजमातांनी पडद्याआडून कारभार पाहावा आणि जवळच्या एखाद्या राजपुत्राने त्यांना साहाय्य करावं. कारभारी खवळले. आमच्या घराण्यात राजमातेने पडद्याआडून कारभार पाहिल्याचा दाखलाच नाही, असं झणझणीत उत्तर त्यांनी लिहून काढलं. राजमातांनी मसुदा ठेवून घेतला. शिक्का नाही. मग कारभाऱ्यांनी काय करावं? त्यांनी काम बंद केलं. आलेले कागद उघडायचेच नाहीत. तिथल्या बोलीत याला ‘गाडी सोडून देणं’ अशा अर्थाचा शब्द वापरला गेला. दोन दिवसांत राज्याचा कारभार अडला आणि बायकांना नमतं घ्यावं लागलं. शिक्के उठले, उत्तर गेलं.

संप! 1861 सालचा, रेशमी झग्यांतला. मंत्रालयात टेबलावर फाइल अडकून पडली की काय होतं हे ज्याने अनुभवलंय त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

या खडाजंगीबद्दल चेंगदेला असलेल्या एका कारकुनाने पत्रात लिहिलेला तपशील मला कुठल्याही सिंहासनापेक्षा मोलाचा वाटतो. वादात आवाज इतके चढले की पाच वर्षांचा बादशहा घाबरून रडायला लागला आणि राणीच्या कपड्यांवर त्याला लघवी झाली. विचार करा. ज्याच्या नावाने हे सगळं चाललंय, ज्याच्यापुढे म्हातारे सरदार नऊ वेळा जमिनीवर डोकं टेकवतात, तो पोर रडतंय आणि एका तरुण बाईचा शुभ्र सुतकी झगा भिजलाय. नेपथ्यकाराने असा प्रसंग रंगवायचा तर काय करावं? जागा लहान करावी. उंच छत आणि खांबांची रांग लावली तर त्या मुलाचं रडणं हरवून जाईल.

आणि जागा खरोखरच लहान होती. हा मुद्दा बरेच जण चुकतात. चेंगदेचा वाडा म्हणजे पेकिंगसारखी पिवळी कौलं आणि लाल भिंती नव्हेत. करड्या विटा, करडी कौलं, खांबांना रंग नाही, लाकूड तसंच उघडं. बादशहांना उन्हाळ्यात साधेपणाची हौस, म्हणून मुद्दाम तसं बांधलेलं. ज्या दालनात श्यानफंग वारला त्याचं नाव ‘धुकट लाटांचा गारवा’ अशा अर्थाचं आहे. दिसायला आपल्या एखाद्या सुखवस्तू वाड्याचा मागचा चौक वाटावा. एवढ्याशा अंगणांतून, एकमेकांच्या दारांवर नजर ठेवत, ही माणसं बादशहा वारल्यावर सुमारे दोन महिने राहिली. दिग्दर्शकाने हे दोन रंग नीट राखलेत. चेंगदेत करडा आणि सुतकाचा पांढरा, आणि मंडळी पेकिंगला परतली की पिवळा-तांबडा एकदम अंगावर येतो. संवादात कुणी बोलत नाही की सत्ता परत मिळाली. कौलं बोलतात.

ली हान-श्यांगची ही नजर आली कुठून, तर तो मुळात चित्रकलेचा विद्यार्थी. जन्म 1926, उत्तर चीनमधला, पेकिंगला कला शिकलेला, 1948 साली हाँगकाँगला गेलेला. तिथे शॉ ब्रदर्सच्या स्टुडिओत त्याने राजेराण्यांचे, गाण्यांचे भरजरी चित्रपट काढले. मध्ये तैवानला जाऊन स्वतःची कंपनी थाटली, ती बुडाली, परत शॉकडे आला. 1975 साली त्याने त्सशीच्या म्हातारपणावर चित्रपट केला, तेव्हा पेकिंगला जाणं शक्यच नव्हतं. अख्खा राजवाडा हाँगकाँगच्या स्टुडिओत उभारला. तो आणि 1983 चा पाठोपाठ बघाच. स्टुडिओतल्या राजवाड्यात सगळं कॅमेऱ्याच्या सोयीचं: भिंत हलते, छत काढता येतं, रंग ताजा. खऱ्या राजवाड्यात काहीच हलत नाही. तिथे दिग्दर्शकालाच हलावं लागतं.

हा फरक मला आतून माहीत आहे. आम्ही एका जुन्या वाड्यात चित्रीकरण केलं तेव्हा अट होती, एक खिळा ठोकायचा नाही. पडदा लावायचा तर आधाराला बांबू उभे करा, बांबूखाली चिंध्या घाला. आधी मी चिडले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की नट आपोआप बरोबर चालताहेत. उंबरा उंच, म्हणून पाय उचलावा लागतो; दार बुटकं, म्हणून मान लवते. ही अदब मी थर्माकोलच्या दारातून कधी काढू शकले नसते. 1983 च्या चित्रपटात माणसं अंगण ओलांडताना ज्या चालीने चालतात ती बघा. पेकिंगचा राजवाडा 72 हेक्टरांचा आहे. तिथे निरोप पोचायलाच वेळ लागतो, आणि तो वेळ ली हान-श्यांगने कापून टाकला नाही.

आता राजपुत्र कुंग. मेलेल्या बादशहाचा सावत्र भाऊ, राजधानीत मागे राहून इंग्रज-फ्रेंचांशी तह त्यानेच केला होता, आणि सूशुनने त्याला आठांत घेतलं नव्हतं. भावाच्या शवपेटीपुढे रडायला म्हणून तो चेंगदेला आला. दोन्ही राजमातांनी भेटीला बोलावलं. एकट्याने जाणं संशयाचं, म्हणून तो कारभाऱ्यांना म्हणाला, तुमच्यापैकी कुणीतरी बरोबर चला. त्या काळच्या एका टिपणात पुढचं येतं: सूशुन हसून म्हणाला, अहो सहावे, तुमची ही दीर-भावजयांची भेट, त्यात आमचं काय काम? (कुंग हा बापाचा सहावा मुलगा, म्हणून घरगुती हाक ‘सहावे’.) आणि त्या बंद दाराआड सूशुनच्या मरणाचा बेत ठरला. एका टोमण्यापायी. टिपणातला हा संवाद शब्दशः खरा असेलच असं नाही; पण दरबारात नात्यांची भाषा किती धारदार असते हे यातून कळतं. मराठी नाटकात सरदार एकमेकांना नुसतं ‘सरदार’ म्हणून हाक मारतात तेव्हा मला याची आठवण येते. ते व्याही असतात, साडू असतात, मेहुणे असतात. हाक तशी असावी.

पुढचं झपाट्याने घडतं आणि चित्रपटही झपाट्याने दाखवतो. शवपेटी मोठ्या रस्त्याने, सावकाश, सूशुन सोबत. राजमाता आणि बालबादशहा आडवाटेने पुढे. 1 नोव्हेंबरला त्या राजधानीत पोचल्या, दुसऱ्या दिवशी आधीच लिहून ठेवलेला हुकूम निघाला. सूशुनला वाटेत मीयुनच्या मुक्कामी रात्री उठवून पकडलं. पकडणारा राजपुत्र छुन, जो त्सशीचा दीरही होता आणि सख्ख्या बहिणीचा नवराही. 8 नोव्हेंबरला सूशुनचा भर रस्त्यात शिरच्छेद झाला. आठांपैकी दोघे राजपुत्र होते, त्यांना पांढरी रेशमी पट्टी पाठवली: स्वतःच गळफास घ्या, ही राजघराण्याला सवलत. उरलेल्या पाचांची पदं काढून घेतली. नव्या राजवटीचं ‘छीश्यांग’ हे आधी ठरलेलं नाव बदलून ‘थुंगची’ केलं. छीश्यांग नावाची नाणी पाडून झाली होती. आज ती नाणेसंग्राहकांना वेड लावतात.

2 डिसेंबर 1861 ला पेकिंगच्या राजवाड्यातल्या यांगशिन दालनात पडदा लागला.

त्या पडद्याची नोंद आहे. वंग थुंगह, जो पुढे दोन बादशहांचा शिक्षक झाला, त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं: आठ पाखांचा, पिवळ्या जाळीदार रेशमाचा पडदा, त्यामागे दोन राजमाता, पडद्यापुढे बादशहाचं आसन. मला हे वाचून हायसं वाटलं, कारण आमच्याकडे अशी नोंद क्वचित सापडते. आपल्याकडेही बायका चिकाच्या आडून सदरेवरचं बोलणं ऐकत, पण चिक किती दाट, काड्या उभ्या की आडव्या, मागे दिवा होता की नाही, हे कोण लिहून ठेवणार?

इथे जरा थांबते, कारण हा भाग तुम्हाला थेट उपयोगी पडेल. जाळीच्या पडद्याचा नियम साधा आहे. उजेड समोरून पडला तर पडदा भिंत होतो, मागून पडला तर काच होतो. मागे बसलेल्याला दिसायला हवं आणि तो मात्र दिसायला नको, तर त्याची बाजू अंधारात आणि समोरच्याची उजेडात हवी. म्हणजे पडद्यामागच्या बाईला सगळं दिसतं. समोर गुडघे टेकलेल्या माणसाला एक पिवळी भिंत दिसते आणि भिंतीतून आवाज येतो. राज्य कुणाचं हे सांगायला आणखी काही लागत नाही. नाटकात तुम्हाला हे फिरवता येतं. सुरुवातीला पडदा समोरून उजळा. प्रेक्षकही प्रजेच्या जागी बसतो. मग एका क्षणी समोरचा दिवा मंद करून मागचा चढवा. बाई दिसली. एकही संवाद नको. यासाठी कापड निवडताना मात्र दुकानात हातावर घेऊन बघू नका. दोन मीटर विकत आणा, टांगा, दहा पावलं मागे जा. दुकानातली पारदर्शक वाटणारी जाळी रंगमंचावर दुधी दिसते, हे मी तीन नाटकांनंतर शिकले.

कपड्यांबद्दल थोडंच. मांचू, म्हणजे या राजघराण्याच्या जमातीच्या, बायका पाय बांधत नसत; त्यांच्या बुटांना टाच नसून तळव्याच्या बरोबर मध्यावर उंच लाकडी ठोकळा असे. त्याने चाल ठरते. झपाझप चालताच येत नाही, मान आपोआप ताठ राहते. पुरुषांच्या बाह्यांची टोकं घोड्याच्या खुरासारखी. मुजऱ्याआधी ती झटक्यात खाली सोडायची. हा ‘फट्’ आवाज दहा जणांनी एकदम केला की अंगावर काटा येतो. डोक्यावरचा तो काळा, पंख्यासारखा रुंद साटीनचा साज मात्र जपून वापरा. त्सशीचे जे फोटो आपण सगळीकडे पाहतो ते 1903-04 च्या सुमाराचे, तिच्या म्हातारपणीचे. तो साज इतका मोठा होत गेला तो उत्तरकाळात. 1861 च्या तरुण बाईच्या डोक्यावर तो चढवणं म्हणजे पहिल्या बाजीरावाच्या दरबारात नऊवारीवर पफ बाह्यांचं ब्लाउज नेसवण्यासारखं. छिंग, म्हणजे याच घराण्याच्या, काळावरच्या मालिका हे सर्रास करतात. सुतकातली आणखी एक गंमत: एरवी बादशहाच्या नावाने शेरे लाल शाईत पडत, बादशहा वारला की काही काळ ते निळ्या शाईत. प्रेक्षकांतल्या शंभरातल्या एकालाही कळणार नाही, तरी मी असते तर दौतीतली शाई बदललीच असती.

आता रांजण. चित्रपटातली ली ही बादशहाची लाडकी राणी खरी. श्यानफंगची वाचलेली एकुलती मुलगी तिचीच. कारस्थान यशस्वी झाल्यावर त्सशी तिचे हातपाय तोडून तिला रांजणात ठेवते असं दाखवलंय. प्रत्यक्षात राणी लीला नंतर वरचे मान मिळाले आणि ती 1890 साली वारली. मग हा प्रसंग? तो दोन हजार वर्षं जुना आहे. हान घराण्याच्या राजमाता ल्यूने आपल्या सवतीचे, छी हिचे, हातपाय तोडून तिला ‘मानवी डुक्कर’ म्हणून शौचकूपात टाकलं, असं जुन्या इतिहासात लिहिलंय. थांग घराण्याच्या वू सम्राज्ञीच्या नावावरही सवतींना दारूच्या रांजणात घातल्याची कथा आहे. दिग्दर्शकाने तिथून उचलून इथे चिकटवलं. परिणाम इतका जबरदस्त झाला की चीनमध्ये कित्येक लोक आजही त्सशीने हे केलं असं खरं मानतात. आनंदीबाईंच्या ‘ध’चा ‘मा’सारखंच: एकदा रंगभूमीवर गाजलं की इतिहासकारांनी शंभर लेख लिहावेत, उपयोग शून्य.

माझं मत विचाराल तर हा प्रसंग या चित्रपटाचा दोष आहे, आणि इतिहासाला सोडून आहे हे त्याचं कारण दुय्यम. दीड तास त्याने दाखवलं की त्सशी शिक्का, वेळ आणि नातेवाईक यांच्या जोरावर जिंकली. मग अचानक ती राक्षसीण होते, आणि प्रेक्षक सुटतो: अच्छा, बाई क्रूर होती म्हणून जिंकली. थंड डोक्याच्या कारभारी बाईपेक्षा राक्षसीण पचायला सोपी. ल्यू श्याओछिंगने तरुण त्सशी इतकी सावध, इतकी ऐकणारी रंगवली आहे की हा शेवट तिच्या अभिनयावरही अन्याय करतो. तिने 1991 साली थ्यान च्वांगच्वांगच्या चित्रपटात म्हातारी त्सशी केली, खोजा ली ल्यानयिंगच्या भूमिकेत च्यांग वन. तो बघा, तिथे तिला न्याय मिळाला आहे.

त्सशीला राक्षसीण करण्यात परकीयांचाही हात आहे. 1910 साली इंग्रजीत तिचं जे चरित्र गाजलं, त्याचा एक लेखक एडमंड बॅकहाउस. त्यातली एका दरबारी माणसाची म्हणून दिलेली रोजनिशी बनावट निघाली. पण तोवर दोन पिढ्यांनी तीच प्रमाण मानली होती.

चिनी दरबारपट नुसता दरबारपट राहत नाही हेही लक्षात ठेवा. त्सशी आणि तिचा भाचा, पुढचा बादशहा क्वांगश्यू, यांच्या झगड्यावरचा 1948 चा हाँगकाँगचा ‘छिंगकुंग मीशी’ घ्या. कुणी त्याला देशप्रेमी म्हटलं, माओंनी देशद्रोही ठरवलं, आणि 1967 साली, सांस्कृतिक क्रांतीत, त्याच्यावर लिहिलेला एक घणाघाती लेख प्रत्यक्षात राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओछी यांच्यावरचा हल्ला होता. एका जुन्या चित्रपटाच्या परीक्षणातून राष्ट्राध्यक्षाला खाली खेचण्याची सुरुवात! 1983 च्या जोडीचीही किंमत कुणीतरी मोजलीच. श्यानफंग झालेला टोनी ल्युंग का-फाय अगदी नवखा होता, या भूमिकेसाठी त्याला हाँगकाँगचा सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, आणि मुख्यभूमी चीनमध्ये काम केलं म्हणून तैवानची बाजारपेठ त्याला बंद झाली. काही काळ त्याने रस्त्यावर हस्तकलेच्या वस्तू विकून दिवस काढले. बादशहा म्हणून तो खोकत, अफू ओढत, कंटाळलेल्या डोळ्यांनी कागद बाजूला सारतो, ते बघताना मला हे आठवतं.

तर तुमच्या नाटकासाठी एवढंच करा. चित्रपट पुन्हा लावा, आवाज बंद ठेवा आणि कागदाचा प्रवास तेवढा टिपून काढा: कुणाच्या हातून कुणाच्या हाती, कुठे थांबला, कुठे खाली ठेवला गेला. मग तुमच्या संहितेतल्या कागदाचा तसाच नकाशा काढा आणि त्यावरून दारं, बैठका, पेट्या कुठे हव्यात ते ठरवा. सिंहासन शेवटी ठेवा, जागा उरली तर. दिग्दर्शक कुरकुरतील, त्यांना सांगा, चेंगदेच्या वाड्यात राज्य फिरलं तेव्हा तिथे डोळे दिपतील असं काही नव्हतं.

आणि शिक्का कोरायला देताना अक्षरं उलटी लिहून द्या.